दुसरा मजला दिवसातून काही वेळा गोठतो – राउटर बदलायचा का?

कोपऱ्यातला_रॅक

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या कार्यालयाचं नेटवर्क माझ्याकडे नुकतंच आलंय. आधीच्या माणसाने आकृती वगैरे काही ठेवलेली नाही.

मांडणी अशी: तळमजल्यावर एक राउटर आणि त्याच्याखाली कोअर स्विच (लेअर ३, म्हणजे राउटिंगही करणारा; सगळ्या व्हीलॅनचे, म्हणजे त्याच स्विचांवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांचे, गेटवे म्हणजे बाहेर पडायची दारं याच्यावरच). पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर एकेक मोठा अ‍ॅक्सेस स्विच, दोन्हींना कोअरकडून गिगाबिट अपलिंक. व्हीलॅन २० कर्मचारी, ३० फोन, ४० कॅमेरे, ९९ मॅनेजमेंट. स्विच सगळे सिस्कोच्या कमांडवाले, वय मात्र वेगवेगळं.

दिवसातून काही वेळा दुसरा मजला ठप्प होतो. फोन तुटतात, फाइली उघडत नाहीत, आणि लोक माझ्या टेबलाशी पोचेपर्यंत सगळं आपोआप सुरू झालेलं असतं. आणखी दोन तक्रारी आहेत. दुसऱ्या मजल्यावरून फाइल सर्व्हरवर मोठी फाइल टाकली की रखडते, ११ एमबी प्रति सेकंदाच्या वर जातच नाही. आणि दोन्ही मजल्यांवर सकाळी पीसी चालू केला की कधीकधी १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळतो, केबल काढून घातली की ठीक होतो.

राउटर रीस्टार्ट करून झाला, फर्मवेअर नवं टाकलं, लाइनवाले म्हणतात लाइन स्वच्छ आहे. वरिष्ठ म्हणतात नवा राउटर घ्या. घ्यावा का?

पिंगवाला

डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) ८.८.८.८ करून बघा. नाहीतर राउटर फॅक्टरी रीसेट करून पुन्हा कॉन्फिगर करा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

कन्सोलकेबल

पिंगवाला, डीएनएसमुळे फोन तुटत नाहीत हो, आणि फाइल सर्व्हर घरातच आहे. रीसेट तर मुळीच नको. हातात एवढा एकच पुरावा आहे, तोही पुसून जाईल.

रॅकभाऊ, राउटर तूर्त बाजूला ठेवा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका लॅपटॉपवर तीन खिडक्यांत सतत पिंग लावून ठेवा: एक त्याच स्विचवरच्या, त्याच व्हीलॅनमधल्या शेजारच्या पीसीला, दुसरं गेटवेला, तिसरं बाहेरच्या कुठल्याही पत्त्याला. चौथं पिंग राउटरच्या कन्सोलवरून बाहेर. पुढच्या वेळी गोठलं की यातलं काय थांबलं आणि काय चालू राहिलं ते सांगा. तेवढ्यावरून बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते कळेल.

शिवाय स्विचचा लॉग बघा. 'शो लॉगिंग'. वेळा बरोबर आहेत का तेही बघा.

पिंगवाला

बरं, मग ११ एमबीचं काय? ते मला डुप्लेक्स मिसमॅच वाटतं, म्हणजे एक बाजू फुल (एकाच वेळी दोन्हीकडे बोलणारी) आणि दुसरी हाफ (आळीपाळीने बोलणारी). एका बाजूला कोणीतरी १०० फुल हाताने ठोकलेलं असतं आणि समोरची बाजू ऑटोवर असते. ऑटोवाल्याला समोरून वाटाघाटीचा निरोपच येत नाही. स्पीड त्याला सिग्नलवरून ओळखता येतो, डुप्लेक्स नाही, म्हणून तो हाफ धरून बसतो. पिंग छान जातं आणि लोड आला की रडारड. हाफवाल्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढतात, फुलवाल्या बाजूला सीआरसी (खराब झालेल्या फ्रेमच्या चुका). 'शो इंटरफेसेस'मध्ये दिसेल.

कन्सोलकेबल

ही शंका रास्त आहे. पण आधी 'क्लिअर काउंटर्स' करा आणि तासाभराने आकडे बघा. स्विच चालू झाल्यापासूनची बेरीज असते ती. तिथे दिसणारे दोन हजार सीआरसी कधी कोणीतरी केबल अर्धवट खोचली तेव्हाचेही असू शकतात. वाढतायत का, एवढंच महत्त्वाचं.

कोपऱ्यातला_रॅक

आज दोनदा झालं. निकाल देतो.

शेजारच्या पीसीचं पिंग चालू. गेटवेचं बंद. बाहेरचं अर्थातच बंद. राउटरवरून बाहेर मात्र व्यवस्थित चालू. पहिल्या मजल्यावर कोणाला काही जाणवलंच नाही.

आणि एक विचित्र गोष्ट, जी पिंग लावल्यामुळे पहिल्यांदा दिसली. हे दरवेळी जोडीने येतं. आधी मोठा खंड, पाऊण-एक मिनिटाचा. मग काही मिनिटं सगळं ठीक. मग पुन्हा खंड, पण लहान, साधारण अर्ध्या मिनिटाचा.

काउंटर साफ करून बघितले. अपलिंकवर सीआरसी शून्य, लेट कोलिजन शून्य, दोन्हीकडे १००० फुल. लॉगमध्ये ओळी आहेत, पण स्विचचं घड्याळ मार्च १९९३मध्ये आहे, त्यामुळे कुठली ओळ कधीची ते कळायला मार्ग नाही.

कन्सोलकेबल

१९९३ म्हणजे घड्याळ कोणी कधी लावलंच नाही. आधी एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) लावा, आणि 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम'. राउटर मात्र सुटला, निर्दोष आहे बिचारा.

लेअरदोन

जोडीने येतं हे वाचलं आणि लॉगिन केलं. :)

हा स्पॅनिंग-ट्री आहे, म्हणजे लूप होऊ नये म्हणून जादा वाटा ब्लॉक करून स्विचांचं एक झाड बनवणारा प्रोटोकॉल. झाडाच्या मुळाशी असलेला स्विच तो 'रूट'. जुन्या ८०२.१डी पद्धतीत ठरलेले वेळ असतात: मॅक्स एज (जुनी माहिती धरून ठेवायची मुदत) २० सेकंद, मग पोर्ट उघडण्याआधीच्या दोन पायऱ्या, लिसनिंग १५, लर्निंग १५. दूर कुठेतरी काही तुटलं तर २० + १५ + १५, म्हणजे ५० सेकंदांपर्यंत. एखादा पोर्ट नव्याने वर आला तर १५ + १५, म्हणजे ३०. तुमचा मोठा खंड पाऊण-एक मिनिट आणि लहान अर्धा मिनिट. मधली 'काही मिनिटं' म्हणजे एखादा स्विच बूट व्हायला लागणारा वेळ. तुमच्याकडे कुठला तरी स्विच बंद पडून पुन्हा चालू होतोय, आणि तो झाडात फार मोक्याच्या जागी बसलाय.

कोअरवर 'शो स्पॅनिंग-ट्री रूट' चालवा आणि व्हीलॅन २०ची ओळ इथे टाका.

कोपऱ्यातला_रॅक

व्हीलॅन २०: प्रायॉरिटी ३२७८८, रूट कॉस्ट २३, हॅलो २, मॅक्स एज २०, फॉरवर्ड डिले १५. रूट पोर्ट म्हणून पहिल्या मजल्याचा अपलिंक दाखवतोय. बाकीच्या व्हीलॅनचंही असंच.

कोअरच रूट असणार असं मी धरून चाललो होतो.

लेअरदोन

या एका ओळीत सगळी कथा आहे, सावकाश वाचू.

३२७८८ म्हणजे ३२७६८ + २०. डिफॉल्ट प्रायॉरिटी अधिक व्हीलॅनचा क्रमांक. म्हणजे रूट कोण असावा हे कोणी ठरवलेलंच नाही. सगळ्यांची प्रायॉरिटी सारखी असली की ज्याचा कारखान्यातून आलेला मॅक अ‍ॅड्रेस सर्वांत लहान तो रूट. आणि लहान मॅक बहुतेक वेळा जुन्या डब्याचा निघतो. रॅडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) या कंपनीत असताना हा अल्गोरिदम केला तो नेटवर्कने कोणाच्या मदतीशिवाय उभं राहावं म्हणून, आणि तेवढं तो चोख करतो. मुख्य रस्ता तुमच्या कोअरमधून जावा ही तुमची इच्छा त्याला कळायला आकडा द्यावा लागतो.

आता कॉस्ट, म्हणजे रूटपर्यंतच्या वाटेची किंमत, २३. गिगाबिट लिंकची कॉस्ट ४, १०० एमबीपीएसची १९. बेरीज बरोबर २३. म्हणजे तुमचा रूट कोअरपासून दोन उड्यांवर आहे: एक गिगाबिटची, पहिल्या मजल्यापर्यंत, आणि तिथून पुढे एक १०० एमबीपीएसची. पहिल्या मजल्याच्या मागे एखादा जुना १०० एमबीपीएसचा स्विच लपलाय. माझा अंदाज, त्याची दुसरी केबल दुसऱ्या मजल्याला गेलेली आहे.

पहिल्या मजल्याच्या स्विचवर त्याचा रूट पोर्ट बघा, आणि त्या पोर्टवर 'शो सीडीपी नेबर्स डिटेल', पलीकडे कुठला स्विच आहे ते कळेल. पाठलाग करत जा.

नवशिका

मी शिकतेय अजून, म्हणून विचारते. ११ एमबीचा संबंध इथे लागतो का? १०० एमबीपीएस भागिले ८ म्हणजे साडेबारा, त्यातून हेडरचा खर्च वजा केला की ११-१२ उरतात. पण अपलिंक तर गिगाबिट आहे ना?

लेअरदोन

शाब्बास! अगदी तेच. अपलिंक गिगाबिट आहे, पण त्याचं एक टोक ब्लॉक झालेलं असणार. दुसऱ्या मजल्याला रूट थेट १९ कॉस्टमध्ये मिळतो, कोअरमार्गे गेलं तर ४ + २३ = २७. म्हणून तो जुन्या स्विचकडे तोंड करून बसतो. कोअरकडे रूटला जायला आधीच पहिल्या मजल्याची वाट आहे, म्हणून दुसऱ्या मजल्याकडचा पोर्ट कोअर ब्लॉक करतो. मग दुसऱ्या मजल्याची सगळी वाहतूक जुन्या स्विचमधून पहिल्या मजल्यावर आणि तिथून कोअरला. थेट अपलिंक मात्र चकचकीत गिगाबिट दिवा लावून रिकामी.

कोपऱ्यातला_रॅक

सापडला! मीटिंग रूमच्या कपाटात, फायलींच्या मागे. १०० एमबीपीएसचा जुना स्विच, एक केबल पहिल्या मजल्याला, एक दुसऱ्या. कोअरवर 'शो स्पॅनिंग-ट्री ब्लॉक्डपोर्ट्स' बघितलं, दुसऱ्या मजल्याचा अपलिंकच ब्लॉक आहे.

जुन्या स्विचवर 'शो व्हर्जन': अपटाइम ५२ मिनिटं, शेवटच्या रीलोडचं कारण 'पॉवर-ऑन'. त्याचा प्लग एका एक्स्टेन्शन बोर्डात आहे. त्याच बोर्डात प्रोजेक्टर लागतो. कोणी प्रोजेक्टरचा प्लग खोचला की बोर्ड हलतो आणि स्विचचा ढिला प्लग क्षणभर सुटतो.

म्हणजे मीटिंग सुरू झाली की दुसरा मजला बंद.

पिंगवाला

मीटिंगमुळे काम थांबतं याचा तांत्रिक पुरावा. हा धागा छापून लावा. :ड

नवशिका

पण पहिला मजला का गोठला नाही? तोही त्याच जुन्या स्विचला जोडलाय.

लेअरदोन

कारण पहिला मजला ते कोअर ही लिंक आधीपासून फॉरवर्डिंग होती. रूट गेला, नवा रूट ठरला, तरी त्या लिंकला अवस्था बदलावी लागली नाही. दुसऱ्या मजल्याची जुन्या स्विचकडची वाट मेली, आणि कोअरकडचा पोर्ट ब्लॉकमध्ये. रूट गेल्याची खात्री होईपर्यंत कोअर २० सेकंद जुनी माहिती धरून बसतो, मग लिसनिंग, मग लर्निंग.

जुना स्विच परत आला की गंमत उलटी. लहान मॅक घेऊन तो पुन्हा रूट होतो, कोअर दुसऱ्या मजल्याचा पोर्ट ताबडतोब ब्लॉक करतो, पण जुन्या स्विचकडचा पोर्ट वाहतूक घ्यायला अजून ३० सेकंद आहेत. जुनी वाट बंद, नवी उघडलेली नाही. तो तुमचा लहान खंड.

जुनाट_हब

मग स्पॅनिंग-ट्री बंदच करून टाका की. आमच्याकडे बंद आहे, काही होत नाही.

कन्सोलकेबल

लूप झालेला नाही तोवर काही होत नाही, खरंय.

आयपी पॅकेटला टीटीएल (उड्यांची मर्यादा) असतो, फिरत राहिलं तर कधीतरी मरतं. इथरनेट फ्रेमला तसं काहीही नाही. एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला निरोप) लूपमध्ये शिरला की दोन्ही दिशांनी फिरत राहतो, प्रत्येक पोर्टवर प्रती काढत. सगळे दिवे एका तालात लुकलुकतात, सीपीयू शंभर टक्के, आणि टेलनेट किंवा एसएसएचने आत शिरताही येत नाही. त्यासाठी कोणी मुद्दाम केबल फिरवावी लागत नाही. टेबलावरच्या आयपी फोनला दोन पोर्ट असतात, सफाईनंतर कोणीतरी दोन्ही भिंतीत खोचतं, झाला लूप.

लेअरदोन

+१. रॅकभाऊ, आता दुरुस्ती. हे कार्यालय सुटल्यावर करा, कारण रूट बदलताना पुन्हा एकदा तसाच खंड येईल.

कोअरवर 'स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १,२०,३०,४०,९९ प्रायॉरिटी ४०९६'. पहिल्या मजल्यावर ८१९२, म्हणजे कोअर गेला तर वारस ठरलेला. आकडा ४०९६च्या पटीतच चालतो. सगळीकडे 'स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी'. त्यामागचं ८०२.१डब्ल्यू, म्हणजे जलद स्पॅनिंग-ट्री, २००१ सालचं आहे, तुमच्या मजल्यांवरचे स्विच ते नक्की जाणतात.

मीटिंग रूमचा डबा झाडाच्या मध्ये ठेवू नका. त्याची दुसऱ्या मजल्याची केबल काढा, त्याला पहिल्या मजल्याला एकाच केबलने लटकू द्या. पर्यायी वाट हवी असेल तर पहिला आणि दुसरा मजला एकमेकांना थेट गिगाबिटने जोडा.

टीटीएल_संपला

शिवाय मजल्यांच्या स्विचवर जुन्या डब्याकडच्या पोर्टांना रूट गार्ड लावा. पुन्हा कधी तो रूट व्हायला बघेल तर पोर्टच बंद होईल.

लेअरदोन

एकाच केबलने लटकत असेल तर हरकत नाही. पण दोन्ही केबली ठेवून रूट गार्ड लावला तर घात होईल. समजा कोअर ते दुसरा मजला ही केबल तुटली. तेव्हा खऱ्या रूटचे बीपीडीयू (स्पॅनिंग-ट्रीचे निरोप) दुसऱ्या मजल्याला जुन्या डब्यामार्गेच येणार. रूट गार्ड त्यांना घुसखोर समजून पोर्ट रूट-इनकन्सिस्टंट करेल. पर्यायी वाट नेमकी गरजेच्या वेळी बंद. रूट गार्ड अशाच पोर्टवर लावायचा जिकडून रूट कधीही, कुठल्याही बिघाडात येऊ नये.

टीटीएल_संपला

हे लक्षात नव्हतं आलं. मान्य.

कन्सोलकेबल

१६९.२५४चं कोणी बोललं नाही. तेही याच कुटुंबातलं आहे. पीसीच्या पोर्टला पोर्टफास्ट (लिसनिंग-लर्निंग वगळून लगेच उघडणं) नाही, म्हणून लिंक वर आल्यावर ३० सेकंद स्विच त्याचं काही पुढे पाठवत नाही. पीसी डीएचसीपी डिस्कव्हर, म्हणजे 'मला पत्ता द्या', असं ओरडून ओरडून थकतो आणि स्वतःच पत्ता घेतो. रॅपिड केलं तरी हे जाणार नाही, कारण पीसी स्विचशी स्पॅनिंग-ट्री बोलत नाही. पीसी आणि फोनच्या पोर्टांवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' हवंच, आणि सोबत 'बीपीडीयूगार्ड एनेबल', म्हणजे तिथून बीपीडीयू आला की पोर्ट बंद. आणखी एक फायदा: पोर्टफास्ट नसेल तर दर पीसी चालू-बंद होताना टोपॉलॉजी चेंज जातो आणि स्विच मॅक टेबल ३०० ऐवजी १५ सेकंदांत विसरायला लागतात. मग उगाच फ्लडिंग, म्हणजे पत्ता माहीत नसलेली फ्रेम सगळ्या पोर्टांवर.

बीपीडीयू गार्डवर सगळा भरवसा मात्र नको. काही स्वस्तातले अनमॅनेज्ड स्विच बीपीडीयू गिळून टाकतात. त्यांच्यामागे लूप झाला तर गार्डला पत्ताच लागत नाही. तिथे ब्रॉडकास्टवर मर्यादा घालणारं 'स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट' कामाला येतं.

आणि दुरून काम करणार असाल तर आधी कॉन्फिग सेव्ह करा, मग 'रीलोड इन १०'. स्विचशी आपलाच संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल'. जुनिपरवाल्यांना 'कमिट कन्फर्म्ड' आहे, मिक्रोटिकवाल्यांना सेफ मोड. रीलोड कॅन्सल करायला विसरू नका, एवढंच.

टीटीएल_संपला

अवांतर: मिश्र कंपन्यांचे स्विच असणाऱ्यांनी हा धागा जसाच्या तसा वापरू नये. पीव्हीएसटीचे (सिस्कोची दर व्हीलॅनला वेगळं झाड करणारी पद्धत) इतर व्हीलॅनचे बीपीडीयू वेगळ्या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात, दुसऱ्या कंपनीचा स्विच ते साधं मल्टिकास्ट समजून नुसते पुढे ढकलतो. व्हीलॅन १चं झाड एक आणि बाकीच्यांचं वेगळं असं दिसू लागतं. तिथे सगळीकडे एमएसटी या सामायिक प्रमाण पद्धतीवर जाणं बरं.

नवशिका

वाखू (वाचनखूण) साठवली.

कोपऱ्यातला_रॅक

काल कार्यालय सुटल्यावर केलं. कोअर ४०९६, पहिला मजला ८१९२, रॅपिड सगळीकडे, पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड. मजल्यांमध्ये नवी थेट केबल. जुना स्विच एका केबलवर, प्लग वेगळ्या सॉकेटमध्ये. एनटीपीही लावलं.

आता 'शो स्पॅनिंग-ट्री रूट' कोअरवर रूट पोर्टची जागा रिकामी दाखवतो, म्हणजे तोच रूट. दुसऱ्या मजल्यावरून कॉपी ११० एमबीच्या आसपास. सकाळी १६९.२५४ची एकही तक्रार नाही.

मग मुद्दाम कोअर ते दुसरा मजला ही केबल उपटून बघितली. पीसीचं एकच पिंग हुकलं. पण दुसऱ्या मजल्याचे सगळे फोन मेले, आणि केबल परत लावेपर्यंत मेलेलेच राहिले. पीसी चालू आणि फोन बंद, हे कसं?

लेअरदोन

'शो इंटरफेसेस ट्रंक' नव्या केबलच्या दोन्ही टोकांना (ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारी लिंक). अलाउड व्हीलॅनच्या यादीत ३० आहे का?

कोपऱ्यातला_रॅक

पहिल्या मजल्याच्या टोकाला आहे. दुसऱ्याच्या टोकाला २०,४०,९९ एवढंच. त्या पोर्टवर आधीचंच कॉन्फिग पडून होतं.

कन्सोलकेबल

थांबा, टाइप करण्याआधी! 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं लिहिलंत तर यादी पुसून फक्त ३० उरेल. 'अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०'. तो 'अ‍ॅड' विसरल्यामुळे आख्खे मजले बंद पडलेले पाहिलेत मी.

कोपऱ्यातला_रॅक

'अ‍ॅड' घालूनच केलं. केबल पुन्हा उपटली, चालू कॉल तुटला नाही, क्षणभर आवाज गेला फक्त. 'राइट मेमरी' सगळ्या स्विचवर. राउटरची मागणी मागे घेतोय, त्याऐवजी रॅकसाठी यूपीएस मागतो.